राजकारणातील पैसा आणि लोकमताचे व्याकरण

राजकीय पुढाऱ्यांचे वर्तन आणि राजकारणात खेळणारा पैसा ह्यांविषयी सामान्य नागरिकाचे मत काय आहे, हा प्रश्न राज्यशास्त्राचा अभ्यासक मतसंग्रहाच्या साहाय्याने सोडवू पाहतो. भाषेच्या अभ्यासकाची वाट थोडी निराळी आहे. माणूस काय म्हणतो ह्याबरोबरच तो ते कोणत्या विभक्तीत, कोणत्या प्रयोगात आणि कोणता शब्द गाळून म्हणतो, हे त्याला पाहावे लागते. सामान्य मराठी माणूस पुढाऱ्यांविषयी जी परखड विधाने करतो ती ऐकताना त्यांचा निर्भीडपणा मनात भरतो. परंतु त्या विधानांची रचना तपासू लागले म्हणजे तो निर्भीडपणा किती अंतरावर येऊन थांबतो, हेही ध्यानात येते. प्रस्तुत लेखात ह्या रचनेची चिकित्सा करावयाची आहे.

प्रथम शब्दसंग्रह पाहू. ह्या क्षेत्रातील मराठी शब्दांचे मूलस्थान म्हणजे स्वयंपाकघर होय. पुढारी पैसे ‘खातो’, कंत्राटात ‘मलिदा’ असतो, खाते म्हणजे ‘चरण्याचे कुरण’ असते आणि ह्या सर्व व्यवहारास ‘खाबूगिरी’ असे नाव आहे. ‘लाचखोर’ ह्या शब्दातील ‘खोर’ हा फारशी प्रत्ययही खाणारा ह्याच अर्थाचा. ही कल्पना आजची नव्हे. राजसेवकांच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजणाऱ्या कौटिल्यानेही जिभेवर ठेवलेला मध आणि पाण्यात वावरणारा मासा ह्यांचेच दृष्टान्त घेतले आहेत. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात हिंदीतून गाजलेले स्वच्छ कारभाराचे आश्वासनही ‘खाणे’ ह्याच क्रियापदावर उभे होते.

रूपक जुने असले तरी निरुपद्रवी असतेच असे नाही. खाणे ही शरीराची नैसर्गिक क्रिया आहे. भूक लागलेला खातो आणि ज्याच्यापुढे ताट आहे तो खातो. म्हणून ‘तो खातो’ ह्या आरोपाच्या पोटातच ‘त्या जागी कोणीही खाईल’ ही सूट दडलेली असते. ‘सगळेच खातात’ ह्या वाक्यात ती उघड होते. त्यातील ‘च’ हे अव्यय विशेष विचार करण्याजोगे आहे. त्याने विधान सार्वत्रिक होते आणि सार्वत्रिक झाले म्हणजे ते कोणालाच लागू करता येत नाही. ज्या न्यायालयात सर्वांनाच दोषी ठरविले आहे तेथे कोणालाही शिक्षा होत नाही. शिवाय प्रामाणिक पुढारी ह्या वाक्यात अपवाद म्हणूनही शिल्लक उरत नाही, ही दुसरी हानी.

आता वाक्यरचनेकडे वळू. पुढीलसारखी वाक्ये आपण नित्य ऐकतो. ‘त्याने पैसे खाल्ले.’ ‘मला पैसे द्यावे लागले.’ ‘आम्हांला मताचे पैसे मिळाले.’ पहिल्या वाक्यात कर्ता तृतीयेत आहे. क्रिया त्याने केली, ह्याविषयी संदेह नाही. दुसऱ्यात देणारा चतुर्थीत आहे. क्रिया त्याच्याकडून झाली खरी, परंतु ती त्याच्यावर येऊन पडली. तिसऱ्यात पैसे घेणारा स्वतः बोलणारा आहे. तथापि ‘आम्ही पैसे घेतले’ असे तो म्हणत नाही. ‘मिळाले’ ह्या क्रियापदामुळे तोही चतुर्थीत जाऊन बसतो, जणू काही वळवाचा पाऊस पडला आणि अंगण भिजले. सारांश, पुढाऱ्याचे घेणे तृतीयेत, नागरिकाचे देणे चतुर्थीत आणि नागरिकाचे घेणेही चतुर्थीतच. दोषाची ही वाटणी विभक्तिप्रत्ययांनी इतक्या सहजतेने केलेली असते की, वाटणी झाली हेच ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

मतदानापूर्वी वाटल्या जाणाऱ्या पैशांना ‘लक्ष्मीदर्शन’ म्हणतात. ह्या शब्दाची योजना मोठी मार्मिक आहे. दर्शन हे डोळ्यांनी व्हावयाचे असते. त्यासाठी हात पुढे करावा लागत नाही. चतुर्थीने कर्तृत्व काढून घेतले होते, ह्या शब्दाने हातही काढून घेतला. वर देवतेचे नाव असल्यामुळे नाकारणे हा जवळजवळ अपमानच ठरावा! विनोद म्हणून हा शब्द चतुर आहे. परंतु ज्या गोष्टीचा विनोद करता येतो तिची लाज कमी होते, हेही तितकेच खरे.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. व्याकरणावरून नीती काढणे धोक्याचे असते. ‘मला भूक लागली’, ‘मला जावे लागले’ ह्या वाक्यांतही अनुभव घेणारा चतुर्थीतच असतो आणि हिंदीसारख्या भगिनीभाषांतही अशीच रचना आढळते. तेव्हा चतुर्थीने मराठी माणसाला पळवाट शिकविली असे म्हणणे शास्त्रीय होणार नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की, ‘मी पैसे दिले’, ‘मी पैसे घेतले’ ही वाक्येही भाषेत तितकीच सुलभ असताना, पैशाच्या प्रसंगी बोलणारा दुसरी रचना निवडतो. भाषा येथे कारण नव्हे, साक्षीदार आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या शेतकऱ्याचा फेरफार अडला आहे, ज्या विधवेचे निवृत्तिवेतन कागदांत अडकले आहे, त्यांचे ‘द्यावे लागले’ हे खरेच असते. त्यांच्या चतुर्थीवर संशय घेणे म्हणजे पीडितालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे होय. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि कायद्यानेही त्याची दखल घेतली आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने लोकसेवकास लाच देणे हा स्वतंत्र अपराध ठरविला. मात्र ज्याला ती देणे भाग पडले त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना अथवा तपास यंत्रणेला कळविल्यास त्याला त्या तरतुदीतून वगळले. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर कायदा ‘द्यावे लागले’ ही रचना स्वीकारतो, पण सात दिवसांपुरतीच. त्या मुदतीत ती सांगितली नाही, तर चतुर्थीची तृतीया होते. मताच्या पैशाबाबत कायदा आणखी कठोर आहे. भारतीय दंडसंहितेच्या कलम १७१ ब मध्ये देणारा आणि घेणारा असे दोघेही लाचेचे अपराधी मानले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेच्या कलम १७० मध्येही तेच तत्त्व आहे. लोकभाषेतील ‘मिळाले’ ह्या क्रियापदाला तेथे जागा नाही. तात्पर्य, अडलेल्याची चतुर्थी आणि सोकावलेल्याची चतुर्थी ह्यांचा भेद लोकभाषा करीत नाही. तो विवेकाने करावा लागतो.

लोकमताचा निषेध घोषणेचे रूप घेतो तेव्हा काय होते, हे दोन उदाहरणांवरून पाहता येईल. १९६७ मध्ये हरियाणातील गया लाल ह्या आमदाराने पंधरा दिवसांत तीन वेळा पक्ष बदलला आणि त्यावरून ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द देशभर रूढ झाला. येथे विशेषनामाचे सामान्यनाम झाले. शब्दाचा उगम एका खऱ्या माणसाच्या खऱ्या कृत्यात असल्यामुळे त्याचा अर्थ नेमका राहिला. पक्षांतर कायद्याच्या कक्षेत यावयास १९८५ ची बावन्नावी घटनादुरुस्ती उजाडावी लागली आणि एकतृतीयांश फुटीची सवलत रद्द होण्यास २००३ ची एक्याण्णवावी. पण ज्याला प्रतिबंध करावयाचा ती गोष्ट कोणती, हे मधल्या काळात ह्या शब्दाने लोकांच्या स्मरणात ठेवले.

दुसरे उदाहरण अलीकडचे. ‘पेटी’ म्हणजे लाख आणि ‘खोका’ म्हणजे कोटी ही मुंबईच्या चोरट्या व्यवहारांतील परिभाषा. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेत फूट पडली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी ‘पन्नास खोके, एकदम ओके’ अशी घोषणा दिली. ज्यांच्यावर तिचा रोख होता त्यांनी आरोप फेटाळला. आरोपाची सत्यासत्यता ठरविणे हा ह्या लेखाचा विषय नव्हे. घोषणेची रचना हा आहे. तिच्यात क्रियापद नाही. क्रियापद नाही म्हणून कर्ता नाही, दाता नाही, काळ नाही. संख्या आहे, पण रुपया हा शब्द नाही. रकमेचे आकारमानात रूपांतर झाले आहे. उरतो तो केवळ अनुप्रास. ती घोषणा मुलांच्याही तोंडी बसली ती ह्या अनुप्रासामुळेच. परंतु ‘कोणी दिले, कोणाला दिले, कशासाठी दिले’ ह्या तीन प्रश्नांपैकी एकही प्रश्न तिने ऐकणाऱ्याच्या मनात उभा केला नाही. निंदा जितकी यमकबद्ध, तितकी ती निरुत्तर राहण्याचा संभव अधिक.

देणारा गाळण्याची ही खोड केवळ लोकभाषेची नाही. व्यवस्थेनेही ती आपलीशी केली होती. कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यात लोकशाहीला मोठा धोका संभवतो, असा इशारा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मो. क. छागला ह्यांनी १९५७ मध्येच टाटा पोलाद कंपनीच्या प्रकरणात दिला होता. १९६९ साली अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ साली ती उठली. २०१७ च्या वित्त अधिनियमाने कंपनीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली आणि २०१८ पासून निवडणूक रोखे विक्रीस आले. ह्या रोख्यांची वाक्यरचना पाहा. पक्षाला पैसे मिळाले. देणारा नागरिकाच्या दृष्टीने वाक्याबाहेर. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरविली. मतदाराच्या माहिती मिळविण्याच्या अधिकाराचा तीमुळे भंग होतो, हे त्याचे प्रमुख कारण. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये देणाऱ्यांची व घेणाऱ्यांची नावे निवडणूक आयोगाने प्रसिद्ध केली. गाळलेला कर्ता वाक्यात परत आणणे, असे ह्या निर्णयाचे वर्णन भाषाभ्यासकाने केल्यास ते अप्रस्तुत होऊ नये.

आपल्या कलाकृतींनी ह्या लोकमताला कोणते रूप दिले, हेही पाहिले पाहिजे. जब्बार पटेल ह्यांचे दिग्दर्शन आणि विजय तेंडुलकर ह्यांची पटकथा असलेले दोन चित्रपट ह्या दृष्टीने शेजारी ठेवावेत. ‘सिंहासन’ (१९७९) हा अरुण साधू ह्यांच्या ‘मुंबई दिनांक’ (१९७२) आणि ‘सिंहासन’ (१९७७) ह्या कादंबऱ्यांवर आधारलेला. त्यातील पत्रकार दिगू टिपणीस सत्तेच्या सर्व दालनांतून फिरतो. त्याला सर्व कळते. आणि शेवटी त्याचे भान सुटून तो हसत सुटतो. सर्व जाणणाऱ्या नागरिकाची ही परिणती आहे. ‘सगळेच खातात’ हे वाक्य शेवटपर्यंत नेले म्हणजे तेथे शब्द उरत नाहीत, हास्य उरते. साधू-तेंडुलकरांचे निदान अचूक आहे, ह्यात शंका नाही. परंतु प्रेक्षकाने त्या हास्यात स्वतःचे शहाणपण पाहिले, आणि ही गोष्ट मात्र चिंतेची आहे.

‘सामना’ (१९७५) मधील मास्तर दिगूइतका जाणता नाही. तो व्यसनी आहे, परका आहे, साखर कारखान्याच्या बळावर पंचक्रोशी मुठीत ठेवणाऱ्या हिंदुराव धोंडे पाटलाच्या अन्नावर जगणारा आहे. म्हणजे ‘खाणाऱ्यां’त तो स्वतःही आहे. तरीही मारुती कांबळे ह्या नाहीशा झालेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे तो विचारीत राहतो. त्याच्या प्रश्नात विशेषनाम आहे, काळ आहे आणि उत्तराची अपेक्षा आहे. ‘च’ नाही. म्हणूनच हिंदुरावाला सामान्य निंदेची भीती वाटत नाही, ह्या एका वाक्याची वाटते. कलादृष्ट्या ‘सिंहासन’ अधिक व्यापक असेल. नागरिकाच्या भाषेचा आदर्श म्हणून मात्र आम्ही ‘सामना’ श्रेष्ठ मानतो.

हा भेद केवळ कलेपुरता नाही. महाराष्ट्राचा माहितीच्या अधिकाराचा अधिनियम २००२ चा आणि केंद्राचा २००५ चा. ह्या कायद्याचा अर्ज म्हणजे मास्तराच्या प्रश्नाला मिळालेले वैधानिक रूप होय. त्यात अलंकार चालत नाही, ‘सगळेच’ चालत नाही. कोणते काम, कोणते वर्ष, किती रक्कम, हे लिहावे लागते, आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. येथे ‘द्यावे लागते’ ही रचना प्रथमच नागरिकाच्या बाजूने उभी राहते. चतुर्थीत आता अधिकारी आहे.

सामान्य नागरिकाचे मत पुढाऱ्यांविषयी पुरेसे कडक नाही, अशी तक्रार कोणीही करणार नाही. ते कडक आहे, पण सैल रचनेचे आहे; आणि सैल रचनेचे मत कितीही कडक असले तरी सत्ताधाऱ्याला ते सोयीचेच असते. ह्या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी ग्रामसभांतील, बाजारांतील आणि वृत्तपत्रांतील वाक्ये जमवावीत आणि प्रत्येक वाक्यापुढे तीन रकाने आखावेत: कोणी दिले, कोणी घेतले, कशाच्या बदल्यात. कोणता रकाना कोणत्या प्रसंगी रिकामा राहतो, ह्याची नोंद झाली तर लोकमताच्या अभ्यासात भाषाशास्त्राचा वाटा काय, हे आपोआप स्पष्ट होईल. आपल्या स्वतःच्या बोलण्यातील वाक्येही त्या संग्रहातून वगळू नयेत.