पॉली स्टायरिन : निषेधापलीकडचा ‘मी’

पंक संगीताचा विचार करताना समीक्षा सहसा ‘निषेध’ या संज्ञेपाशी येऊन थांबते. १९७६-७७च्या इंग्लंडमधील आर्थिक घसरण, तरुणांची बेकारी, प्रस्थापित रॉक संगीताचा वाढता डामडौल आणि या साऱ्यांविरुद्ध उठलेला कर्कश आवाज, अशी एक सुटसुटीत मांडणी रूढ झाली आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु पॉली स्टायरिन या गीतकार-गायिकेची रचना तिच्या चौकटीत पुरती सामावत नाही. परिणामी तिचा गौरव झाला तो एक विलक्षण व्यक्ती म्हणून. गीतकार म्हणून तिचे वाचन अभावानेच झाले. या उपेक्षेचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

मेरिअन जोन एलियट-सईद हे तिचे मूळ नाव. जन्म ३ जुलै १९५७चा. आई ब्रिटिश, वडील सोमाली. बालपण लंडनच्या ब्रिक्स्टन भागात गेले. एकोणिसाव्या वाढदिवशी हेस्टिंग्ज येथे सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम पाहिल्यानंतर तिने जाहिरात देऊन सहकारी मिळविले आणि ‘एक्स-रे स्पेक्स’ हा वाद्यवृंद उभा केला. १९७७मध्ये ‘ओह बॉन्डेज, अप युअर्स!’ ही पहिली ध्वनिमुद्रिका आणि १९७८मध्ये ‘जर्म फ्री अडोलसन्ट्स’ हा संग्रह निघाला. १९७९मध्ये वृंद विसर्जित झाला. त्या वृंदाची तीन गीते ब्रिटनमधील खपाच्या यादीत पहिल्या चाळिसांत पोहोचली होती, हे ध्यानात घेतले की येथे प्रश्न लोकप्रियतेच्या अभावाचा नसून आकलनाच्या अभावाचा आहे, हे स्पष्ट होते.

आकलनाचा आरंभ तिने घेतलेल्या नावापासूनच करावा लागतो. व्यवसायांच्या सूचीतून शोधून काढलेले हे नाव एका स्वस्त, हलक्या, वापरून फेकून देण्याजोग्या प्लॅस्टिकचे आहे. पंकमधील इतर अनेक टोपणनावे सडकेपणा किंवा हिंस्रता सुचवितात. हे नाव उत्पादन सुचविते. गायिका स्वतःला बाजाराबाहेर उभी असलेली बंडखोर म्हणवीत नाही, तर बाजारातील एक वस्तू म्हणून सादर करते. नामकरणातील हा उपहास तिच्या साऱ्या गीतरचनेची गुरुकिल्ली ठरतो.

निषेधाच्या गीतात सामान्यतः ‘मी’ आणि ‘ते’ यांच्यात एक स्वच्छ सीमारेषा असते. दोष त्यांचा, दृष्टी माझी. पॉली स्टायरिनच्या गीतांतील ‘मी’ला ही सोय नाही. ‘आर्ट-आय-फिशियल’मधील निवेदिका आपल्या कृत्रिमतेची जबाबदारी समाजावर टाकते खरी, पण ती कृत्रिमता उतरवून ठेवता येईल असे अस्सल रूप आपल्यापाशी आहे, असा दावा ती करीत नाही. ‘आय ॲम अ पोझर’ या शीर्षकात तर पंकमधील सर्वांत अपमानास्पद शिवी निवेदिकेने स्वतःच्याच अंगावर ओढून घेतली आहे. ‘जर्म फ्री अडोलसन्ट्स’मध्ये निर्जंतुक स्वच्छतेचे वेड प्रेमाच्या आड येते, तेथे टीकेचा विषय आणि करुणेचा विषय एकच आहे. वस्तूंच्या या जगाविषयी तिला घृणा वाटते तशीच भुरळही पडते. ही द्विधा लपविली गेली नाही, यातच या रचनांचे नैतिक बळ आहे. सॅक्सोफोनचे भडक सूर आणि तिचा ताणलेला, उंच स्वर ही या आशयाची केवळ सजावट नव्हे. जाहिरातीच्या झगमगाटाचे ते श्राव्य रूप आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. १९७८मध्ये तिची मनःस्थिती ढासळली. पुढे रुग्णालयात छिन्नमनस्कतेचे निदान झाले आणि १९९१मध्ये तो आजार द्विध्रुवीय असल्याचे ठरले. मग गीतांतील हे दुभंगलेपण म्हणजे आजाराचीच पूर्वसूचना नव्हे काय? तसे मानणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. लक्षण आपोआप प्रकट होते. उपहास मात्र अंतर राखून घडवावा लागतो. ज्या निवेदिकेला आपण सोंग घेत आहोत याची जाणीव आहे, तिच्या मागे सजग गीतकार उभी आहे. पुरुष गीतकारांच्या विस्कटलेपणाला ‘शैली’ आणि स्त्रीच्या विस्कटलेपणाला ‘व्याधी’ म्हणण्याची समीक्षेची सवय या निमित्ताने तपासून पाहिली पाहिजे.

१९८०चा ‘ट्रान्सल्युसन्स’ हा संथ, मृदू संग्रह आणि त्यानंतरचा हरे कृष्ण पंथातील प्रवेश या घटनांकडे माघार म्हणून पाहिले गेले. भारतीय वाचकाला उलट त्यात ‘मुक्ती’ दिसण्याचा मोह होईल. दोन्ही वाचने तिच्या कारकिर्दीचे दोन तुकडे करतात. वस्तूंनी भरलेल्या जगात ‘मी’ उरतो कोठे, हा आरंभीचा प्रश्नच पुढे वेगळ्या भाषेत विचारला गेला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. १९९५मध्ये एक्स-रे स्पेक्सच्या नावाने पुन्हा निघालेल्या संग्रहाचे शीर्षक ‘कॉन्शस कन्झ्युमर’ असावे, हा केवळ योगायोग नव्हे. अर्थात उत्तरकाळातील सर्वच रचनांना पूर्वीची धार आहे, असे मात्र म्हणता येणार नाही.

‘जनरेशन इंडिगो’ प्रसिद्ध झाल्यानंतर काही आठवड्यांतच, २५ एप्रिल २०११ रोजी, कर्करोगाने तिचे निधन झाले. २०२१मध्ये तिची कन्या सेलेस्ट बेल हिच्या सहदिग्दर्शनाखाली तिच्यावर चरित्रपट झाला. आता तिचे नाव आदराने घेतले जाते. परंतु मिश्रवंशीय स्त्री म्हणून तिला अग्रमान देणे आणि गीतकार म्हणून तिचे मूल्यमापन करणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिले बऱ्याच अंशी पार पडले आहे. दुसऱ्यासाठी समीक्षेला तिच्या शब्दांकडे वळावे लागेल.