वीरगळ, गौरवलेख आणि शिपायाचें चरित्र

जालन्याहून भोकरदनास जातांना वाटेवर राजूर लागतें. गणपतीचें स्थान म्हणून तें सर्वश्रुत आहे. परंतु त्याच भागांत आसईचें रणक्षेत्र आहे, आणि मेलेल्या शिपायाची नोंद कशी होते हें पाहूं इच्छिणारानें आरंभ तेथूनच करावा. ता. २३ सप्टेंबर १८०३ च्या त्या लढाईंत आपल्या बाजूचे ४२८ ठार व १,१३८ जखमी, अशी इंग्रजांची मोजदाद आहे. तींतहि युरोपीय अधिकाऱ्यास नांव, शिपायास आंकडा. शत्रूचे सुमारें १,२०० रणांत पडले, हा वेल्सलीचा ठोकळ अंदाज. शिंद्यांच्या कंपूंतील शिपाई बहुतेक उत्तर हिंदुस्थानांतले; त्यांचीं नांवें त्या ‘सुमारें’ शब्दांत बुडालीं.

यानंतर १४१ वर्षांनीं पडलेल्या एका गांवकरी शिपायाचें नांव मात्र सर्वतोमुखीं झालें. माणगांवजवळील पळसगांवचे नाइक यशवंत घाडगे, पांचवी मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी पलटण, हे ता. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत पडले. वय अवघें २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचा गौरवलेख ता. २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटांत आला. तोच येथें परीक्षणास घेतला आहे.

लेख वाचनीय आहे. मशीनगनच्या माऱ्यानें तुकडींतील इतर सर्व ठार वा जायबंदी झाले. घाडगे एकटेच धांवून गेले. हातबाँबनें तोफ व तोफची निकामी केले. एकास गोळी घातली. काडतुसें बदलण्यास वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांस दस्त्यानें ठेचलें. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं पडले. विशेषणें थोडीं, क्रियापदें पुष्कळ. बखरकारांनीं हें शिकण्यासारखें होतें! परंतु आपल्यामागें कोणी येऊं शकणार नाहीं व वांचण्याची आशा अल्प आहे, हें घाडगे जाणून होते, असेंहि लेखक सांगतो. धांव, स्फोट, प्रहार हें जवळचा साक्षीदार पाहूं शकतो. मेलेल्याच्या मनांतलें ज्ञान कोणी पाहिलें? येथें नोंद संपून स्तुति सुरू होते. आमच्या मतें हीं वाक्यें पुरावा म्हणून घेऊं नयेत.

या बाबतींत गौरवलेख वीरगळाचा सख्खा भाऊ शोभतो. शिळेवर खालीं झुंज, मध्यें अप्सरा वीरास नेत आहेत, वर शिवपूजन, माथ्यावर चंद्रसूर्य. मरण आहे, फळ आहे; मरणापूर्वींचें आयुष्य नाहीं. कॅसिनोच्या स्मारकावरील नांव आणि माणगांवचा पुतळा हींहि याच जातीचीं. पुतळा निदान त्यांच्या मुलखांत आहे, हें बरें.

आयुष्याचा माग लागतो तो निराळ्या कागदांत. लढाईंत पडलेल्याच्या मुलाबाळांस मराठी राज्यांत बालपरवेशी मिळे. अशा सनदेंत पराक्रम एका ओळींत उरकतो. पण मागें कोण उरलें, नेमणूक किती, कोणत्या गांवावर, हें स्पष्ट येतें. चरित्रकारास ती एक सनद दहा वीरगळांहून अधिक उपयोगी. संग्राहक मात्र तिला ‘किरकोळ’ म्हणून बाजूस बांधतात, हा आमचा अनुभव आहे. राजूर-भोकरदन भागांतील ज्या घरांत जुने रुमाल असतील त्यांनीं हे कागद निराळे काढून त्यांच्या नकला मंडळाकडे धाडाव्या.