तट, नदी आणि आमची स्थलवर्णने

मराठीत स्थलवर्णने पुष्कळ झाली आहेत. परंतु तटबंदीच्या गावाचा विषय निघाला की आमच्या लेखकांची लेखणी लढाईकडे धाव घेते, आणि लढाई संपताच थांबते. साताऱ्यास ही खोड खपून जाते, कारण तेथील लढाई खरोखरीच मोठी. १६९९ च्या अखेरीस औरंगजेबाने किल्ल्यास वेढा घातला. सुरुंगाने उडविलेला तट मोगलांच्याच सैन्यावर कोसळला, आणि १७०० च्या एप्रिलात गड त्यांच्या हाती गेला. पुढे मराठ्यांनी तो परत घेतला, व १७०८ साली शाहूमहाराजांस येथेच राज्याभिषेक झाला. हे सर्व वाचकांस मुखोद्गत आहे. मात्र वस्ती गडाच्या पायथ्याशी कशी पसरली, तिला पाणी कोठून आणावे लागले, हे लिहिण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

सांगलीस आल्यावर हा साचा अगदीच निरुपयोगी ठरतो. थोरले चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून विभक्त होऊन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे आले, तेव्हा गणेशदुर्गास आकार आला: भोवती खंदक, आत राजवाडा व कचेऱ्या. त्याला साताऱ्यासारखा नामांकित वेढा नाही. साहजिकच लेखक खंदकावर एक वाक्य खर्च करून गणपतीच्या देवळाकडे वळतो, १८४३ सालच्या विष्णुदास भाव्यांच्या नाटकाचा उल्लेख करतो आणि निरोप घेतो. सांगलीला खरा वेढा कृष्णेचा पडतो, ही गोष्ट त्याच्या ध्यानातच येत नाही.

या बाबतीत फ्रान्समधील अव्हिन्यों शहराकडे पाहण्यासारखे आहे. ऱ्होन नदीच्या काठचे हे गाव १३०९ ते १३७७ पर्यंत पोपांचे वसतिस्थान होते. चौदाव्या शतकातील त्याचा सुमारे सव्वाचार किलोमीटरांचा तट अद्याप उभा आहे. पोपांचा प्रासाद पाहण्यास लोक जातात, हे खरेच. पण तटाची कथा तेथे सैन्यापाशी संपत नाही. पूर चढला की वेशी बंद करून पाणी अडवीत, आणि १८५६ च्या महापुरात तटासच खिंडार पडून पाणी गावात शिरले. जुन्या बेनेझे पुलाच्या बावीस कमानींपैकी आज चारच उरल्या आहेत. त्या प्रवाशास नदीचा पराक्रम न बोलता सांगतात.

आमच्याकडे १९२९ सालच्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजतात. पंचेचाळीस फूट ही धोक्याची खूण. २०१९ च्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांवर गेले, आणि त्यापूर्वी २००५ सालीही गाव बुडाले होते. असे असता सांगलीचे वर्णन नदीस केवळ घाटाच्या शोभेपुरती स्थान देते, हा दोष आम्हांस क्षम्य वाटत नाही. ज्या वाचकास त्या वर्णनाच्या भरवशावर घर घ्यावयाचे असेल, त्याची तर ती फसवणूकच होय.

दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी साताऱ्यास राहून केवढे कागद जमविले! १९१७ साली सांगली संस्थानावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथही लिहिला. तोच उद्योग आता पाण्यासाठी हवा. कोणत्या साली पाणी दुकानाच्या कितव्या पायरीस लागले, आधी कोणत्या गल्लीत शिरले, कोणाच्या माडीवर शेजारी जमले, हे जुन्या पेठकऱ्यांस ठाऊक असते. आमच्या पाहण्यातल्या वर्णनांत ते कोठेही आलेले नाही.