मेयरहॉफचं रोप दुसरीकडे रुजलं, पण…

अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलं विज्ञान शाखेत येतात, पण पीएचडीपर्यंत फार थोडी पोचतात. यावर उपाय म्हणून ज्या कार्यक्रमाचं नाव कायम घेतलं जातं, तो म्हणजे मेयरहॉफ स्कॉलर्स. मेरिलँडमधल्या यूएमबीसी या सरकारी विद्यापीठात फ्रीमन ह्राबोव्स्की यांनी तो १९८८ मध्ये सुरू केला. शिष्यवृत्ती, कॉलेजआधीचा उन्हाळी वर्ग, गटाने अभ्यास, लवकर प्रयोगशाळेत प्रवेश, आणि पाठपुरावा करणारी माणसं, असं सगळं एकत्र.

२०१३ मध्ये पेन स्टेट आणि चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांनी यूएमबीसीच्या मदतीने हाच कार्यक्रम आपल्याकडे आणला. सुरुवातीचे निकाल यूएमबीसीच्या तोडीचे आहेत, असं २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला लेख सांगतो. ‘हे फक्त ह्राबोव्स्कींनाच जमतं’ हा आक्षेप त्याने बराचसा मोडीत काढला, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

माझी अडचण दोन ठिकाणी आहे.

पहिली, तुलना. मेयरहॉफची मुलं पीएचडीकडे सुमारे पाचपट जास्त वळतात, हा आकडा तुम्ही वाचला असेल. ही तुलना कोणाशी? प्रवेश मिळूनही नाकारून दुसरीकडे गेलेल्या मुलांशी. गुण सारखे, म्हणून तुलना चांगलीच. पण ज्याला संशोधनच करायचंय, तो ‘हो’ म्हणण्याची शक्यता मुळात जास्त, नाही का? म्हणजे पाचपटीतला थोडा वाटा मुलांच्या आधीच्या ओढीचाही असू शकतो.

दुसरी, वेळ. २०१३ ची तुकडी २०१७ च्या आसपास पदवीधर झाली. २०१९ मध्ये तिच्यातलं कोण पीएचडी पूर्ण करेल, हे कसं कळणार? तोवर हाती असतात ते गुण आणि विज्ञानात टिकण्याचं प्रमाण. तेही महत्त्वाचंच, पण कार्यक्रमाचं वचन त्यापुढचं आहे.

शिवाय रोप रुजलं ते दोन मोठ्या, साधनसंपन्न विद्यापीठांत, आणि तेही आधीच हुशार ठरलेल्या मुलांमध्ये. लहान कॉलेजांचं काय? १९९१ मध्ये सुरू झालेल्या सरकारी एलसॅम्प कार्यक्रमाने अनेक कॉलेजांना एका आघाडीत बांधलं, त्यात दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजंही होती. तिथे प्रत्येक मुलामागे मेयरहॉफइतका खर्च आणि माणसं उभी करणं कठीण.

म्हणून हा लेख वाचा, पण ‘मॉडेल सिद्ध झालं’ म्हणून बाजूला ठेवू नका. आता खरा प्रश्न असा : यातला कुठला भाग काढला तर इमारत कोसळते? कमी पैशांच्या कॉलेजला नेमकं तेच उत्तर हवंय.