कोडे आणि संविधानक : एका जपानी व्हिडिओ गेमच्या निमित्ताने

कोडे आणि कथा यांचे नाते जुने आहे. परंतु ते सलोख्याचे आहे असे मात्र नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले, आणि तिचा उपयोग क्रीडागोष्ठींतील विनोदापुरता मानला. आनंदवर्धनाने तर चित्रकाव्याला मुख्य काव्य न म्हणता काव्याचे अनुकरण म्हटले. या निवाड्यामागील कारण उघड आहे. कोडे सुटताच संपते; काव्य उलगडल्यावर खऱ्या अर्थाने सुरू होते. एकात बुद्धीला अडविलेले असते, दुसऱ्यात तिला रसाच्या सेवेला लावलेले असते. तथापि, वेताळाच्या पंचवीस कथांची रचना पाहिली म्हणजे या निवाड्याला एक अपवाद असू शकतो, असे दिसते. तेथे राजाने बरोबर उत्तर दिले की वेताळ पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळतो आणि कथा नव्याने सुरू होते. ज्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही, त्याच्यापाशी ती शेवटाकडे वळते. म्हणजे कोडे हे कथेच्या वाटेतील धोंड नसून तिचे चाक आहे. कथाप्रधान कोडेखेळांचे मूल्यमापन करावयाचे झाल्यास कसोटी हीच लावली पाहिजे : कोडे काढून घेतले तर कथेचे काय उरते?

या खेळांना विशेष बहर आला तो निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळावयाच्या यंत्रावर. २००४ साली आलेल्या या यंत्राला पुस्तकासारखे उघडणारे दोन पडदे होते, आणि त्यांपैकी खालचा पडदा स्पर्शाला प्रतिसाद देत असे. जपानमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेला ‘प्रोफेसर लेटन’ मालेतील पहिला खेळ हा या प्रकाराचा लोकप्रिय नमुना होय. त्यातील कोड्यांमागे अकिरा तागो या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाचा हात होता. प्रोफेसर लेटन एका विचित्र गावी येतो, आणि तेथे भेटेल तो माणूस त्याला कोडे घालतो. हा संकेत कृत्रिम आहे, असे वाटत असतानाच संविधानक त्याचा खुलासा करते : गावकरी हे यंत्रमानव असून, एका दिवंगत सरदाराच्या मुलीला योग्य पालक मिळावा म्हणून ते येणाऱ्याच्या बुद्धीची परीक्षा घेत आहेत. खुलासा चतुर आहे. परंतु तो कोडी घातली जाण्याच्या रीतीला लागू पडतो, कोड्यांना नव्हे. काड्यांचे कोडे काढून तेथे वजनांचे घातले तरी कथेचा एक शब्दही बदलावा लागणार नाही. कोडे आणि कथा येथे शेजारी आहेत. एका घरात नांदत नाहीत.

त्यांना एका घरात नांदविण्याचा लक्षणीय प्रयत्न ‘नाइन अवर्स, नाइन पर्सन्स, नाइन डोअर्स’ या खेळात आढळतो. कोतारो उचिकोशी याने लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला, चुनसॉफ्ट या संस्थेने निर्मिलेला हा खेळ डिसेंबर २००९ मध्ये जपानात प्रसिद्ध झाला. नऊ अनोळखी माणसे एका जहाजावर जागी होतात. नऊ तासांत जहाज बुडणार, असे त्यांना सांगण्यात येते. प्रत्येकाच्या मनगटावर एक आकडा असतो, आणि दारांवरही आकडे असतात. तीन ते पाच जणांनी मिळून दार उघडावयाचे. त्यांच्या आकड्यांच्या बेरजेचे अंक पुन्हा मिळवीत गेल्यावर उरणारा एक अंक दारावरील आकड्याशी जुळला पाहिजे. पाच, सहा आणि चार यांची बेरीज पंधरा, म्हणून ते तिघे सहाव्या दारातून जाऊ शकतात. अंकगणित शाळकरी आहे; परंतु प्रत्येक बेरजेबरोबर कोणीतरी मागे राहणार असतो. माणूस जिवंत असणे आणि त्याचा आकडा उपयोगी असणे यांत फरक उरत नाही, ही भीती त्या साध्या बेरजेतून निर्माण होते. येथे कोडे नीतीच्या प्रश्नाचे रूप घेते.

खेळाचे खरे वैशिष्ट्य मात्र याहून खोल आहे. त्याला सहा शेवट आहेत, आणि त्यांतील बहुतेक मृत्यूचे आहेत. अशा खेळांत खेळणारा एका फसलेल्या वाटेवर जे शिकतो, ते दुसऱ्या वाटेवर वापरतो. नायकाला मात्र ते ज्ञान कोठून आले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो या प्रकाराचा मान्य संकेत आहे. उचिकोशीने हा संकेतच संविधानकाचा विषय केला. नायक जुनपेई याला न भोगलेल्या घटनांचे स्मरण होते, कारण नऊ वर्षांपूर्वीच्या एका संकटात सापडलेली अकाने ही मुलगी त्याचे सर्व संभाव्य भविष्य पाहत असते. यासाठी रूपर्ट शेल्ड्रेक या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाच्या कल्पनेचा आधार घेतला आहे. विज्ञानाने ती स्वीकारलेली नाही. परंतु कथेत तिचे काम प्रमाणाचे नसून रूपकाचे आहे.

या रूपकाला यंत्राने देह दिला आहे. खेळभर वरच्या पडद्यावर व्यक्तींची चित्रे आणि संवाद येतात, खालच्या पडद्यावर तृतीयपुरुषी निवेदन येते. वाचक ते निवेदन कादंबरीच्या सवयीने तटस्थ मानतो. शेवटी ते निवेदन ‘मी’ म्हणू लागते, आणि ध्यानात येते की खालचा पडदा आरंभापासून अकानेचा होता. अखेरचे कोडे सुडोकूचे आहे. ते सोडविताना यंत्र उलटे धरावे लागते. स्पर्शाचा पडदा वर जातो, आणि आतापर्यंत तिच्या बाजूने वावरणारा हात जुनपेईचा होतो. नऊ वर्षांच्या अंतरापलीकडे मरणाच्या दारात उभ्या असलेल्या मुलीला उत्तर पोहोचावयाचे असते. एरवी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात शोभणारे ते कोडे येथे करुणेचे साधन बनते. या ठिकाणी प्रहेलिका रसाची वैरीण राहत नाही.

दोष नाहीत असे नव्हे. जीव जाण्याची वेळ आली असता पात्रे शीतगृहात उभी राहून बर्फाच्या एका काल्पनिक प्रकाराविषयी सविस्तर चर्चा करतात. हे औचित्याला सोडून आहे. मूळ आवृत्तीत नव्या वाटेसाठी जुन्या खोल्यांतील कोडी पुन्हा सोडवावी लागत. सुटलेले कोडे दुसऱ्यांदा सोडविणे हे केवळ श्रम होत, आणि त्या श्रमाला संविधानकाने अर्थ दिला असला तरी कंटाळा तो कंटाळाच.

पुढील इतिहास या विवेचनाला पुष्टी देतो. आयफोनसाठी निघालेल्या आवृत्तीत खोल्यांतील कोडी गाळून केवळ कथा ठेवण्यात आली. २०१७ साली प्लेस्टेशन ४, व्हिटा आणि संगणक यांसाठी निघालेल्या आवृत्तीत कोडी राहिली, पण दोन पडद्यांचा एक पडदा झाला. संवाद आणि निवेदन या वाचनाच्या दोन रीती ठरल्या, आणि वाचकाने इच्छेप्रमाणे एकीतून दुसरीत जावे, अशी सोय झाली. चित्रे सुधारली, आवाज आले, फेरखेळ सुकर झाला. परंतु जे दोन काळ एकाच वेळी डोळ्यांसमोर होते, ते आता आळीपाळीने येतात. घटना तीच राहिली; तिचा प्रत्यय बदलला. वृत्त बदलून केलेल्या काव्यानुवादात जे हरवते, त्याच जातीचे हे हरवणे आहे.

म्हणून या प्रकाराच्या समीक्षेने कथेचा सारांश सांगून किंवा कोड्यांची काठिण्यपातळी मोजून थांबणे पुरेसे नाही. यंत्राची घडण ही येथे बाह्य उपाधी नसून रूपबंधाचा भाग आहे. निन्टेन्डोने हे दोन पडद्यांचे यंत्र बनविणे केव्हाच थांबविले आहे. ज्या कृतीचा अर्थ तिच्या यंत्राशी असा जखडलेला आहे, तिची मूळ प्रत जपणे हे संग्राहकाच्या हौसेचे काम नव्हे. हस्तलिखिताची संहिता निश्चित करणाऱ्या अभ्यासकाचे जे कर्तव्य, तेच येथेही आहे. आणि चालू स्थितीतील यंत्रे हाती आहेत तोवरच ते पार पडू शकेल.