सरकणारे दगड : कोडे सुटले, पण कसे?

कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात ‘रेसट्रॅक’ नावाचे एक आटलेले सरोवर आहे. लांबी सुमारे ४.५ किलोमीटर, रुंदी २ किलोमीटर. तळ इतका सपाट की उत्तर आणि दक्षिण टोकांच्या उंचीत अवघ्या काही सेंटिमीटरचा फरक. दक्षिणेकडच्या कड्यावरून डोलोमाइटचे दगड निखळून या तळावर येतात आणि पुढे कधीतरी आपल्या जागेवरून सरकतात. वाळलेल्या चिखलात त्यांच्या मागे चर उमटलेले दिसतात, काही तर शेकडो मीटर लांब. कुठे सरळ, कुठे वळणदार, कुठे काटकोनात मोडलेले. गंमत अशी, की दगड हलताना मात्र कित्येक दशके कोणीही पाहिले नव्हते.

ही गोष्ट सध्या लेखांतून, चित्रफितींतून पुष्कळ सांगितली जाते. तिचा साचा ठरलेला आहे : एक मोठे रहस्य होते, लोक नाना तर्क लढवत होते, २०१४ साली कॅमेरे आणि जीपीएस आले आणि रहस्य उलगडले. यात खोटे काही नाही. तरी वर्गात सांगण्यासाठी ही मांडणी अपुरी आहे, असे आम्हाला वाटते. तिच्यातून विद्यार्थी एवढेच शिकतो की भारी उपकरण मिळाले की उत्तर मिळते आणि त्याआधीची माणसे नुसती अंधारात चाचपडत होती. प्रत्यक्षात काय घडले ते क्रमाने पाहू.

१९४८ साली मॅकॲलिस्टर आणि ॲग्न्यू या भूवैज्ञानिकांनी या चरांची शास्त्रीय नोंद केली. १९५५ साली जॉर्ज स्टॅन्ली यांनी एक मार्मिक निरीक्षण मांडले. एकमेकांपासून दूर असलेल्या दगडांच्या चरांची वळणे सारखी होती. मग हे दगड एकाच बर्फाच्या थरात अडकून वाऱ्याबरोबर गेले असावेत. हिवाळ्यात पावसाचे किंवा वितळलेल्या बर्फाचे पाणी तळावर साचते आणि रात्री गोठते, तेव्हा कल्पना अशक्य नव्हती.

तिची परीक्षा रॉबर्ट शार्प आणि ड्वाइट कॅरी यांनी घेतली. ३० दगडांना नावे देऊन, जागा खुणावून त्यांनी सात वर्षे नोंदी ठेवल्या. पहिल्याच हिवाळ्यात दहा दगड हलले. काही हिवाळ्यांत एकही हलला नाही किंवा एखाददुसराच हलला, आणि तेही त्यांनी लिहून ठेवले. त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग कुंपणाचा. सुमारे अर्धा किलो वजनाच्या दगडाभोवती १.७ मीटर व्यासाच्या वर्तुळात त्यांनी सात लोखंडी गज रोवले. दोन गजांमध्ये ६४ ते ७६ सेंटिमीटर अंतर. दगड बर्फाच्या थरात असेल तर तो थर गजांना अडेल, निदान दगडाची वाट तरी बदलेल, हा विचार. पहिल्या हिवाळ्यात तो दगड एका गजाला जेमतेम चुकवून ८.५ मीटर दूर गेला. बरोबर ठेवलेल्या दोन जड दगडांपैकी एक पाच वर्षांनी बाहेर पडला, दुसरा हललाच नाही. मोठा बर्फाचा थर आवश्यक नाही, बर्फ असलाच तर दगडाभोवती लहानसा असेल, असा निष्कर्ष १९७६ साली प्रसिद्ध झाला.

प्रयोग साधा आणि सुंदर आहे. पण निष्कर्षाचा पाया पाहा. बर्फाचा थर जाड आणि अखंड असतो हे येथे न बोलता गृहीत धरले आहे. थर काचेसारखा पातळ असेल आणि गजांना लागताच तुटत असेल तर? त्याचा एखादा तुकडा दोन गजांमधून दगडाला घेऊन सहज जाऊ शकेल. म्हणजे प्रयोगाने जाड थराची कल्पना बाद केली, बर्फाची नव्हे.

आता विद्यार्थ्यांचे काम. मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशायर कॉलेजचे प्राध्यापक जॉन रीड यांनी सहा विद्यार्थ्यांसह अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला येऊन हे चर पुन्हा तपासले. १९९५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९२-९३ च्या हिवाळ्यात उमटलेले चर त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिले. दूरदूरच्या दगडांचे चर कमालीचे जुळले. काही दगड तरी बर्फाच्या थराबरोबरच गेले आणि तो थर सुमारे ८०० मीटरपर्यंत रुंद असू शकेल, असे त्यांनी दाखवले.

या युक्तिवादाचे बळ वर्गात दोन पेन्सिलींनी दाखवता येते. एका पुठ्ठ्यात दोन भोके पाडून दोन पेन्सिली खोचा आणि पुठ्ठा न फिरवता कागदावर हलवा. दोन्ही रेषा हुबेहूब सारख्या येतील. आता दोन मुलांना वेगवेगळ्या पेन्सिली द्या, रेषा जुळणार नाहीत. मग पुठ्ठा हलवताना थोडा फिरवा. पेन्सिली एकाच पुठ्ठ्यात असूनही रेषा वेगळ्या येतात. म्हणजे जुळणारे चर बर्फाच्या बाजूने भक्कम पुरावा देतात, पण न जुळणारे चर बर्फाच्या विरुद्ध तेवढा पुरावा देत नाहीत. पुराव्याचे हे एकतर्फी वजन विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देण्यासारखे आहे.

उपकरण आले की वाद मिटतो, हा समज पुढच्या टप्प्यावर गळून पडतो. १९९६ साली पॉला मेसिना यांनी जीपीएस वापरून १६२ दगडांचे चर मीटरपेक्षाही कमी चुकीने नकाशावर आणले. मापन आधीच्या कोणाहीपेक्षा अचूक होते, तरीही वारा की बर्फ हा वाद चालूच राहिला. चर कोठे आहेत हे कळले, ते उमटताना काय होते हे कळले नाही. २०१० साली नासाच्या गोडार्ड केंद्रातील विद्यार्थ्यांच्या गटाने तळात पुरलेल्या लहान संवेदकांवरून तेथील तापमान आणि ओलावा तपासला. २०११ साली राल्फ लॉरेन्झ यांनी तर स्वयंपाकघरातील डबा घेतला. पाण्यात दगड ठेवून पाणी गोठवले, बर्फाची ती चकती उलटी करून वाळू पसरलेल्या पाण्याच्या तबकात सोडली आणि फुंकर मारली. चकती तरंगत गेली आणि दगडाने वाळूत चर काढला.

शेवटी रिचर्ड नॉरिस आणि जेम्स नॉरिस या चुलतभावांनी तेथे हवामानयंत्र बसवले आणि जीपीएस लावलेले १५ दगड बाहेरून आणून ठेवले. २० डिसेंबर २०१३ रोजी त्यांच्या डोळ्यांदेखत ६० हून अधिक दगड सरकले. बर्फ ३ ते ६ मिलिमीटर जाड, वारा सेकंदाला ४ ते ५ मीटर, दगडांचा वेग मिनिटाला २ ते ५ मीटर. उन्हाने बर्फ फुटला की त्याचे मोठमोठे पातळ तुकडे वाऱ्याने लोटले जात आणि दगडांना ढकलत नेत. आधीच्या एका हालचालीत १५३ मीटर अंतरावरचे दोन दगड एकाच वेळी निघून सुमारे ६५-६५ मीटर गेल्याचे जीपीएसने नोंदवले होते. रीड यांच्या विद्यार्थ्यांनी नुसत्या चरांवरून वाचलेली गोष्ट ती हीच.

येथे दोन्ही पक्षांचे काय चुकले ते दिसते. बर्फवाल्यांच्या मनात दगडाला पकडून उचलणारा थर होता, वारावाल्यांच्या मनात गजांना अडणारा. दोघांचाही बर्फ जाड होता! खरा बर्फ पातळ निघाला. त्याने दगड उचलला नाही, वाऱ्याला पृष्ठभाग पुरवला आणि दगडाला मागून रेटले. २०१४ च्या निबंधाचे श्रेय यामुळे कमी होत नाही. मात्र अगदी मोठे, शेकडो किलोंचे दगड हलताना त्या हिवाळ्यातही दिसले नाहीत. ‘रहस्य संपले’ असे म्हणताना हे वाक्य गाळले जाते, ते गाळू नये.

आपल्याकडे प्रकल्पवहीत ‘निष्कर्ष’ हा रकाना भरलाच पाहिजे असा आग्रह असतो. मग मुले निष्कर्ष आधी लिहितात आणि निरीक्षणे त्याला जुळवून घेतात. शार्प आणि कॅरी यांच्या नोंदीतील ‘या हिवाळ्यात काही हलले नाही’ ही ओळ आमच्या मते गुण देण्याजोगी आहे. तसेच मुलांना कुंपणाच्या प्रयोगाचे चित्र काढून दाखवावे आणि निष्कर्ष न सांगता विचारावे : यातून काय सिद्ध होते, काय होत नाही आणि आपण काय गृहीत धरले आहे? २०१३ चा बर्फ किती पातळ होता ते त्यानंतरच सांगावे.