मनाचा घाव आणि बोलण्याचें औषध

दुःखिताच्या समाचाराला जाणाऱ्या माणसाजवळ आपल्याकडे दोन ठराविक वाक्यें असतात. एक, ‘झालें गेलें गंगेला मिळालें, आतां विसरून जा’. आणि दुसरें, ‘मनांत ठेवूं नकोस, बोलून टाक, म्हणजे मोकळें वाटेल.’ हीं दोन्ही वाक्यें एकाच दुपारीं, कित्येकदां एकाच तोंडून बाहेर पडतात. तीं परस्परांस छेद देणारीं आहेत ही गोष्ट बोलणाराच्या लक्षांत येत नाहीं. ऐकणाराच्या मात्र येत असावी. आम्हीं स्वतः हीं दोन्ही वाक्यें अनेकांस ऐकविलीं आहेत. पॅट बार्कर या इंग्रज लेखिकेची ‘रीजनरेशन’ ही कादंबरी वर्गाबरोबर पुन्हां वाचीत असतां या दोन्ही उपदेशांविषयीं आमच्या मनांत जो संशय उत्पन्न झाला, त्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

‘रीजनरेशन’ १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यामागून ‘द आय इन द डोअर’ (१९९३) आणि ‘द घोस्ट रोड’ (१९९५) हे दोन भाग आले व तिसऱ्या भागास बुकर पारितोषिक मिळालें. परंतु मनाच्या जखमेचा प्रश्न पहिल्या भागांतच सर्वांत नेमकेपणानें मांडला गेला आहे असें आमचें मत आहे. कथानक थोडक्यांत असें: पहिल्या महायुद्धांत पराक्रमाबद्दल मिलिटरी क्रॉस मिळविलेला कवि सीगफ्रीड ससून यानें १९१७ च्या उन्हाळ्यांत, युद्ध जाणूनबुजून लांबविलें जात आहे, असें जाहीर पत्रक काढलें. त्याच्यावर लष्करी खटला व्हावयाचा, तो त्याचा मित्र रॉबर्ट ग्रेव्ह्ज याच्या खटपटीनें टळला आणि मनोरुग्ण ठरवून त्याची रवानगी एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्टच्या लष्करी रुग्णालयांत झाली. तेथें त्याची गांठ डॉ. रिव्हर्स यांच्याशीं पडली. ससून वेडा नाहीं हें डॉक्टरांस पक्कें ठाऊक. आणि त्याला ‘बरा करून’ पुन्हां आघाडीवर धाडणें हें तर त्यांचें नेमून दिलेलें काम. या पेंचावर सबंध कादंबरी उभी आहे.

डॉ. विल्यम हॅल्स रिव्हर्स (१८६४–१९२२) हें काल्पनिक पात्र नव्हे. नीलगिरीवरील तोडा लोकांविषयीं त्यांनीं १९०६ सालीं प्रसिद्ध केलेला ग्रंथ मानववंशशास्त्राचे आपल्याकडील अभ्यासक जाणतात. कादंबरीचें नांवहि त्यांच्याच एका प्रयोगावरून आलें आहे. १९०३ सालीं त्यांचे मित्र डॉ. हेन्री हेड यांनीं स्वतःच्या हाताचे मज्जातंतु कापून घेतले, आणि गेलेली संवेदना कशी परत येते याची नोंद दोघे कित्येक वर्षें ठेवीत होते. प्रथम आली ती ठिकाण न सांगतां येणारी, आडदांड वेदना. कोठें टोंचलें, किती टोंचलें, हें सांगणारी सूक्ष्म जाण मागाहून आली. बधिर अंग बरें होऊं लागलें म्हणजे आधीं दुखतें, हा अनुभव बार्करबाईंनीं मनास लावून दाखविला आहे.

रणांगणावरून परतलेल्या मूक, पंगु, थरथरणाऱ्या सैनिकांच्या आजारास १९१५ च्या सुमारास ‘शेल शॉक’ हें नांव रूढ झालें. त्यांना सगळीकडून सांगितलें जाई तें एकच: तें सारें विसरा, दुसऱ्या गोष्टींत मन रमवा. रिव्हर्स यांनीं डिसेंबर १९१७ मध्यें लंडनच्या वैद्यकसभेपुढें एक निबंध वाचला, तो या उपदेशाविरुद्ध होता. दिवसा जी आठवण जबरदस्तीनें दडपली जाते ती रात्रीं स्वप्नांत दुप्पट जोरानें उसळते, असा त्यांचा अनुभव. त्या निबंधांतील दोन हकिकती आम्हांस कोणत्याहि कादंबरीइतक्या मोलाच्या वाटतात.

पहिली हकिकत एका अधिकाऱ्याची. तो आपल्या मित्राचा शोध करावयास गेला, तों तोफगोळ्यानें छिन्नविच्छिन्न झालेला त्याचा देह सांपडला. मस्तक आणि हातपाय धडावेगळे झालेले. पुढें रोज रात्रीं तोच मित्र, कधीं त्या भग्न रूपांत तर कधीं महारोग्याच्या रूपांत, स्वप्नांत त्याच्याकडे चालत येई. डॉक्टरांनीं त्याला ‘विसर’ म्हटलें नाहीं. त्यांनीं एवढेंच दाखवून दिलें कीं, देहाची अशी अवस्था झाली याचा अर्थ मरण क्षणांत आलें. मित्र तळमळत पडला नाहीं. त्या माणसाचा चेहरा उजळला. कांहीं रात्री स्वप्न पडलेंच नाहीं. मग एके रात्रीं पडलें. पण या वेळीं तो मित्राच्या देहाशेजारीं गुडघे टेंकून बसला होता आणि घरच्या माणसांकडे पाठविण्याकरितां त्याच्या अंगावरील वस्तु हलक्या हातानें काढून घेत होता. प्रत्यक्ष प्रसंगींहि त्यानें हेंच केलें होतें. कमरेचा पट्टा सोडीत असतां त्याला जाग आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतें, परंतु भीतीचा लवलेश नव्हता; उरलें होतें तें केवळ मित्र गेल्याचें दुःख.

येथें घडलें काय? दुःख नाहींसें झालें नाहीं. उलट तें प्रथमच दुःख म्हणून आलें. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर बीभत्स आणि भयानक यांच्या जागीं करुण आला. मित्राच्या भयाण देहाआड मित्रच दिसेनासा झाला होता, तो पुन्हां दिसूं लागला. रस हा रसिकाचा आस्वाद आहे, रुग्ण हा रसिक नव्हे, असा आक्षेप येथें कोणी घेईल. तो आम्हांस मान्य आहे, आणि हें साम्य आम्ही उपमेपलीकडे ताणीत नाहीं. तथापि क्रौंचवधानें व्याकुळ झालेल्या वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला, ही काव्याच्या उत्पत्तीची म्हणून सांगितली जाणारी कथा दुःखाच्या परिणतीचीहि आहे. ऋषीनें शोक गिळला नाहीं आणि नुसता आक्रोशहि केला नाहीं. शोकाला बंध मिळाला.

म्हणूनच ‘बोलून टाक’ हा उपदेशहि अपुरा ठरतो. यूरोपांत त्याचें शास्त्र केलें तें ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनीं, १८९५ च्या त्यांच्या ग्रंथांत. ॲरिस्टॉटलचा कॅथार्सिस हा शब्द घेऊन, कोंडलेला भाव बोलून बाहेर पडला कीं विकार जातो, असें त्यांनीं प्रतिपादिलें. जणूं मनालाहि रेचक द्यावें! फ्रॉइड पुढें या मताशीं थांबले नाहींत, पण लोकांच्या मनांत तेंच घर करून बसलें. बार्करबाईंनीं त्याची परीक्षा बिली प्रायर या काल्पनिक पात्राकरवीं घेतली आहे. प्रायरची वाचा गेलेली असते. ती परत येते, पण त्या दिवशींची आठवण येत नाहीं. तेव्हां तो संमोहनाचा हट्ट धरतो. संमोहनांत सारें आठवतें: खंदकांत मेलेल्या सोबत्याचा डोळा आपण हातांत धरला होता. आणि शुद्धीवर आल्यावर त्याला मोकळें वाटत नाहीं, संताप येतो, कीं एवढ्यानेंच का आपण मुके झालों? स्मृति हातीं आली, अर्थ आला नाहीं. हें प्रकरण कादंबरींतील उत्कृष्ट प्रकरणांपैकीं एक होय.

आतां दुसरी हकिकत. तोफगोळ्याच्या धक्क्यानें एक अधिकारी उडून पडला तो तोंडघशीं एका जर्मन सैनिकाच्या फुगलेल्या प्रेतावर; आणि शुद्ध हरपण्यापूर्वीं त्याला कळलें कीं, आपल्या तोंडांत भरलें आहे तें त्या प्रेताच्या कुजलेल्या पोटांतील द्रव्य आहे. ती चव आणि तो दर्प त्याला पुढें सोडीना. पहिल्या रुग्णास जसा एक दिलासा काढून देतां आला, तसा येथें रिव्हर्सना सांपडला नाहीं, आणि त्यांनीं तसें स्पष्ट लिहून ठेवलें. या माणसानें लष्कर सोडून, पूर्वीं ज्या एकांत खेड्यांत त्याला बरें वाटलें होतें तेथें जावें, एवढेंच ठरलें. बार्करबाईंनीं त्याला बर्न्स हें नांव दिलें आहे, आणि समुद्रकांठच्या त्याच्या घरीं वादळी रात्रीं डॉक्टर त्याला शोधीत हिंडतात तो प्रसंग विसरतां येण्यासारखा नाहीं. आपलें शास्त्र कोठें थांबतें हें सांगणारा वैद्य आम्हांस सर्वज्ञ वैद्यापेक्षां अधिक विश्वासार्ह वाटतो.

याच्या उलट टोंकास डॉ. लुइस यीलंड. लंडनमधील क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयांत ते मुक्या शिपायांच्या घशाला विजेचे झटके देऊन त्यांना बोलते करीत. एका चोवीस वर्षांच्या शिपायास खोलीचें दार लावून चार तास असें ‘बरें’ केल्याची हकिकत त्यांनीं स्वतःच १९१८ च्या आपल्या पुस्तकांत अभिमानानें दिली आहे. कादंबरीमधील रिव्हर्स हा प्रकार पाहतात, आणि त्या रात्रीं त्यांना स्वप्न पडतें कीं, आपणच कोणाच्या तोंडांत लगाम कोंबीत आहों. यीलंड क्रूर आणि मी दयाळू, एवढ्यावर त्यांचें समाधान होत नाहीं. आपण ससूनला बरा करतों म्हणजे त्याचा निषेध गप्प करतों, हें त्यांना दिसतें. नोव्हेंबर १९१७ मध्यें ससून कामावर रुजू होण्यास लायक ठरतो, तेथें कादंबरी संपते. ससून जगला. त्याच रुग्णालयांतून बरा होऊन गेलेला विल्फ्रेड ओवेन मात्र युद्ध थांबण्यास एक आठवडा उरला असतां, ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं पडला. उपचार यशस्वी झाला, पण कशासाठीं, हा प्रश्न लेखिका विचारते आणि उत्तर देत नाहीं. आमच्या मतें हेंच योग्य.

कादंबरी निर्दोष आहे असें नाहीं. पौरुषाच्या कल्पनेविषयीं पात्रें कधीं कधीं इतक्या तयार भाषेंत बोलतात कीं, तीं १९१७ चीं नसून १९९१ चीं वाटावीं. दुसरें, ओवेनवर उपचार करणारे डॉ. आर्थर ब्रॉक यांच्या वांट्याला फारच थोडी जागा आली आहे. रुग्णास पुन्हां कामाशीं आणि माणसांशीं जोडावें, ही त्यांची पद्धति. ओवेन रुग्णालयाच्या ‘द हायड्रा’ या नियतकालिकाचा संपादक झाला तो या वातावरणांत. केवळ डॉक्टरासमोरच्या खुर्चींतच माणूस बरा होतो असा वाचकाचा समज त्यामुळें होण्याचा संभव आहे.

या आजारास १९८० सालीं अमेरिकन मनोवैद्यांच्या वर्गीकरणांत ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ या नांवानें स्थान मिळालें. आज मान्य असलेल्या उपचारांपैकीं एकांत रुग्ण ती आठवण बेताबेतानें, सुरक्षित जागीं, पुन्हां पुन्हां सांगतो. दुसऱ्यांत, ‘दोष माझाच होता’ यासारख्या आठवणीला चिकटून बसलेल्या समजुती तपासल्या जातात. पहिल्या अधिकाऱ्याची हकिकत वाचलेल्यास दोहोंचेंहि मूळ ओळखूं येईल. पण त्याच बरोबर हेंहि आढळून आलें आहे कीं, आघात होतांच एका बैठकींत सर्व कांहीं बोलावयास लावण्याचा उपचार पुढील आजार टाळीत नाहीं. इंग्लंडमधील वैद्यकीय मार्गदर्शिकेनें तो करूं नये असेंच सांगितलें आहे.

हें आम्हांस फार उशिरां कळलें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत मोटारसायकलच्या अपघातांत गेला. चौथ्या दिवशीं आम्हीं त्याला खोलींत बोलावून घेतलें, दार लोटलें आणि ‘बोल, मन मोकळें कर’ म्हणून आग्रह धरला. तो बोलला; धडा म्हणून दाखवावा तसा क्रमानें, न अडखळतां. आम्हीं तें आपलें यश समजलों. पुढें ती सबंध टर्म तो वर्गांत आला नाहीं. दोन वर्षांनीं भेटला तेव्हां म्हणाला, “सर, तुम्हीं विचारलेंत म्हणून सांगितलें. सांगतांना तें मला पुन्हां एकदां दिसलें, एवढेंच झालें.” त्याच्या स्वरांत राग नव्हता. त्या बंद दारासंबंधीं यीलंडच्या प्रकरणाशीं येतां आम्हांस पुस्तक मिटून ठेवावें लागलें.

सारांश, विसरण्याचा उपदेश आणि ओकून टाकण्याचा उपदेश, दोन्ही बहुधा सांगणाराच्या सोयीचे असतात. दोहोंनींहि समोरचें दुःख लौकर आटोपतें. तें न आटोपतां, त्याला त्याचें रूप येईपर्यंत शेजारीं बसणें हें काम कठीण आहे, आणि तें दर वेळीं साधेलच अशी हमी रिव्हर्ससारख्यानेंहि दिली नाहीं. बार्करबाईंची कादंबरी मराठी वाचकांनीं अवश्य वाचावी. समाचाराला जाणारांनीं तर ती वाचावीच. निदान उंबरठ्याशीं पोंचल्यावर तीं दोन वाक्यें तोंडांतल्या तोंडांत राहतील.